उशिरा उडालेला बार

खामगाव,
६ जानेवारी २०२४

ती. बाबांस,
धम्मशीलाचा सविनय जयभीम. वि. वि.

प्रयोगशाळेचा अहवाल कोर्टात वाचला गेला. आपल्या ठासणीच्या बंदुकीत त्यांनी कोरडी दारू भरली, गजाने घट्ट ठासली आणि दहा बार काढले. दहाही वेळा ठिणगीची टोपी फुटताक्षणी गोळी सुटली. रानडुकरावर घोडा ओढला, टोपी फुटली पण बार उडाला नाही, तुम्ही निवृत्तीकाकांकडे वळलात आणि मग गोळी सुटली, हे तुमचं म्हणणं सरकारी वकिलांनी खोटं ठरवलं. शेजाऱ्याला बांधाच्या वादातून मारलं, असंच ते म्हणतात.

आपल्या पद्मजा वकीलबाई दुसरी चाचणी मागणार आहेत. पण बंदूक त्या सकाळी होती तशीच भरायला हवी. दारू सैल होती का? दवात भिजली होती का? जबानीत तुम्ही घट्ट ठासली म्हणालात. नीट आठवून लिहा. आई जेवत नाही, माझ्या वरणाला नावं ठेवते.

माया पातळ होऊ देऊ नका.
तुमची, धम्मशीला

बुलढाणा, जेल
१५ जानेवारी

चि. धम्मशीलाले आशीर्वाद.

बाई, बंदूक मीच भरली, घट्ट ठासली. दुसरं लिहाले काही नाही. वकीलबाईले सांग, चाचणी नोको. निवृत्ती माह्या हातानं गेला, मंग सजा मले नाही त कोनाले? माह्यापायी खेटे घालू नोको. मायले दोन घास खाऊ घाल. इथल्या वरनात तुह्यापेक्षा जास्त पानी असते, तिले सांग.

आठवन धरून राह्य.
जानराव

खामगाव,
२ फेब्रुवारी

ती. बाबांस, सविनय जयभीम.

रागावू नका, पण तुम्ही मला खोटं लिहिलंत. रविवारी पुष्पांजलीकाकू आल्या. काका गेल्यापासून तेरा महिने त्यांनी आपल्या दाराकडे पाहिलं नव्हतं. त्यांनी सांगितलं, आदल्या दिवशी बंदूक काकांनीच भरली आणि ती रात्रभर बाहेर दवात राहिली. लकव्यानंतर त्यांच्या हातात जोर नव्हता, गज पुरता खाली जातच नव्हता. तरी तुम्ही ते काम त्यांनाच द्यायचात, आपण निकामी झालो असं त्यांना वाटू नये म्हणून.

सगळं गाव मुद्दाम मारलं म्हणे, म्हणून त्यांनीही तेच मानलं. पण तुमची जबानी ऐकली आणि त्यांना कळलं, भाऊजी कोणाला झाकताहेत. तुम्ही नको म्हणालात तरी त्या साक्ष देणार आहेत.

रागातही माया असू द्या.
धम्मशीला

खामगाव,
२० मार्च

ती. बाबांस, सविनय जयभीम.

दुसरी चाचणी झाली. सैल भरून, दवात ठेवून बारा बार काढले. सात लगेच उडाले, तीन उडालेच नाहीत. दोन उशिरा उडाले. बाबा, दोनच. वकीलबाई म्हणतात, तेवढे पुरे. माझा मात्र जीव थाऱ्यावर नाही.

तुमच्या चार ओळींची वाट पाहते.
धम्मशीला

बुलढाणा, जेल
११ मे

चि. धम्मशीलाले आशीर्वाद.

खून नाही, निष्काळजीपना, असा निकाल तू ऐकलाच. सात महिने राह्यले, निघून जातीन. तुह्या मायच्या डोळ्याले पानी अन् तोंडावर हासू पाहून मीबी हासलो.

पन बाई, टोपी फुटली अन् बार उडाला, त्याच्या मधात दोन श्वासांचा वखत व्हता. नळी जमिनीकडं कराले तेवढा लय झाला. मी काऊन केली नाही, हे कोनी इचारलं नाही. निवृत्तीकडं वळून मी त्याची मस्करी करून राह्यलो व्हतो, का तुह्या हातचा बार फुसका निघाला म्हनून. तो हासत व्हता.

पुष्पांजलीवहिनीले हे वाचून दाखव. सुटल्यावर मी पयले तिच्या दारात येईन. आत घ्याचं का नाही, ते तिनं ठरवावं.

जमलं त माया ठेव.
जानराव