रिकाम्या खुर्चीला पडलेला झोळ

मी, वेताच्या खुर्च्या विणणारी बाई, शाळा दुसरीपर्यंत, डोकं अजून ठिकाणावर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहिते. कोणी धाक घातलेला नाही. मला धाक घालणारा अजून जन्मायचाय.

घर मुलाला. मागचं दार फुगतं, ते लाथ मारूनच उघडावं. बँकेतलं जे असेल ते मुलगा आणि लेक, निम्मं-निम्मं. वेत सोलायची सुरी आणि भिजवायचं घमेलं सुनेला. नाक मुरडते, पण हात चांगलाय तिचा. थोरल्या नणंदेवरचा राग कोणाच्या वाट्याला देत नाही. तो मीच वापरून संपवला.

आता खिडकीजवळची खुर्ची. तिच्यासाठीच तर हा सगळा कागद.

सुख मी पुष्कळ ठिकाणी शोधलं. आधी नवऱ्यात, मग बांगड्यांत, मग या घरात. मिळालं मिळालं म्हणेपर्यंत मन पुन्हा रिकामं. नवरा गेला तेव्हा रागारागाने मी एक खुर्ची विणली, वीण अशी ताठ की टिचकी मारली तर वाजावी, आणि देवाला म्हटलं, "बस इथे. तुझ्याशी बोलायचंय."

बोलला काहीच नाही. पण वर्षभरात त्या खुर्चीला झोळ पडला. कोणी बसल्याशिवाय वेत असा खचत नाही. मी उसवून पुन्हा ताठ विणली. पुन्हा झोळ. मुलगा म्हणाला, "आई, ओल असेल गं." मी म्हटलं, "ओल काय एकाच खुर्चीवर येऊन बसते होय रे?" सुनेचा संशय मांजरावर. मांजर तर त्या खुर्चीला वळसा घालून जातं!

पहिल्यांदा भीती वाटली, खोटं कशाला सांगू. मग रोज समोर बसून विणायचं, बडबडायचं. मन पुन्हा रिकामं झालं नाही, ते आजतागायत.

ही खुर्ची माझ्या लेकीला. बाळ गेल्यापासून ती हसलेली नाही. म्हणते, "आई, तुझा देव तुझ्यापाशीच ठेव." बाई गं, ठेवला असता, पण तो काय माझ्या मुठीतला आहे? खुर्ची घरात ठेव. तिच्यावर कपडे टाकू नकोस. भांडायचं तर समोर बसून भांड. माझीही सुरुवात तशीच झाली.

आणि ऐक. परवा सकाळी त्या खुर्चीची वीण ताठ झाली, मी हात न लावता. आत्ता ती खरंच रिकामी आहे. घाबरू नकोस. त्याच सकाळपासून माझ्या खाटेची कड दबलीय, कोणी टेकावं तशी, आणि तिथून ऊब येते. मला इतका आनंद झालाय की भूकच नाही. माझं आटोपलं की तो तुझ्याकडे येईल. घाई करू नकोस.

ठिकाण : माझी खाट
दिनांक : ९ फेब्रुवारी
सही : लेकीची आई

साक्षीदार : १. शेजारचा सुतार २. समोरची शिंपीणबाई

ता. क. सुतार सही करायला खाटेच्या कडेवर टेकू लागला. मी म्हटलं, "अहो, तिथे नको." त्याने कडेकडे पाहिलं, टोपी काढली, आणि दोघांनी उभ्यानेच सह्या केल्या.