बाकल्याची भावकी

प्रिय मेहुणेबुवा, प्राध्यापक मिनास यांस,

सिफीसचा आणि (तिला न विचारता) तुमच्या बहिणीचा सप्रेम नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? थेस्सालोनिकीच्या दमट हवेत तो बरा होईल असं मला कधीच वाटलं नव्हतं, पण तुम्ही पडलात शिकलेले, म्हणून बोललो नाही. इकडे सगळं ठीक. ऑलिव्ह यंदा बेताचे, वारा नेहमीचा, तुमच्या बहिणीची तब्येत उत्तम आणि आवाज त्याहून उत्तम. माझी तब्येतही झकास आहे. तक्रार एवढीच की मी ठणठणीत असून उपाशी आहे, आणि त्याला कारण तुम्ही आहात. फोनवरच बोललो असतो, पण फोन उचलला की तुमची बहीण रोदांथी कामं टाकून शेजारी येऊन उभी राहते. तेव्हा तेलघाण्याच्या कचेरीत बसून हे पत्र लिहितो आहे. (घाणा बंद आहे. मला इथे काही काम नाही, हे तिला माहीत नाही असं मी धरून चाललो आहे.)

मी आजारी पडलो हे तुम्हाला कळलंच आहे, पण कसा पडलो ते रोदांथीनं तिच्या पद्धतीनं सांगितलं असणार, म्हणून माझ्या पद्धतीनं सांगतो. ईस्टरआधीच्या मोठ्या उपासाच्या पहिल्या सोमवारी आम्ही सगळे शेजारच्या लांबीसच्या मळ्यात होतो. नेहमीचंच जेवण, चपटी भाकरी, ऑलिव्ह, कालवं, आणि वेलावरून तोडलेल्या बाकल्याच्या कोवळ्या शेंगा, कच्च्याच. मला लहानपणापासून बाकल्याचा वास सहन होत नाही, म्हणून साठी ओलांडली तरी मी तो कधी तोंडात घातला नव्हता. पण लांबीसनं चारचौघांत विचारलं, "काय रे, लांडग्याला घाबरत नाहीस आणि शेंगेला घाबरतोस?" (लांडगा मी आयुष्यात पाहिलेला नाही. क्रीटमध्ये लांडगे नाहीतच.) मग मी राकीच्या घोटांबरोबर वाडगाभर दाणे खाल्ले. दोन दिवसांनी मी पिकल्या लिंबासारखा पिवळा झालो, लघवी काळ्या चहासारखी झाली, आणि लांबीसच्याच ट्रकमधून मला सितियाच्या दवाखान्यात नेलं. तिथे रक्त चढवलं. डॉक्टरीणबाई तरुण पण समजूतदार. म्हणाल्या, तुमच्या रक्तातच एक उणीव आहे, ती आईकडून मुलग्याला येते. यापुढे बाकला वर्ज्य, काही औषधं वर्ज्य, बाकी सगळं खुशाल खा.

यातलं "बाकी सगळं खुशाल खा" हे रोदांथीनं ऐकलंच नाही. ती खुर्चीत बसून माझ्या डोळ्यांकडे बघत होती. घरी आल्यावर तिनं तुम्हाला फोन लावला आणि सरळ प्रश्न विचारला, की बाकल्याचे नातेवाईक कोण कोण?

मेहुणेबुवा, अशा वेळी माणूस म्हणतो, "ताई, काळजी करू नकोस." तुम्ही चादरीएवढा तक्ता पाठवलात. सोबत चार पानी पत्र. त्यात लिहिलंत की पूर्वी विद्वान लोक फुलाच्या आकारावरून या वनस्पतींची तीन वेगळी घराणी मानत, पण आता आतल्या जनुकांवरून सिद्ध झालं आहे की घराणं एकच, त्याच्या शाखा सहा, आणि सगळ्यांचा मूळपुरुष एक. इथवर ठीक होतं. पण पुढे, कोणी विचारलं नसताना, तुम्ही लिहिलंत की मसूर बाकल्याच्या इतका जवळचा निघाला आहे की हल्ली काही जण दोघांना एकाच घरात धरतात. ते एक वाक्य लिहिलं नसतंत तर मी आज जेवलेला असतो.

कारण आपल्या गावात नातं म्हणजे काय, हे तुम्ही तिकडे राहून विसरलात. इथे लग्न ठरवायचं तर आधी पायऱ्या मोजतात. मुलाकडून वर चढायचं समाईक पूर्वजापर्यंत, तिथून खाली उतरायचं मुलीपर्यंत, आणि जुन्या कडक रिवाजाप्रमाणे सातव्या पायरीच्या आत कोणी आलं तर लग्न नाही. रोदांथीनं तुमचा तक्ता स्वयंपाकघरात मरियमच्या तसबिरीशेजारी टांगला आणि पायऱ्या मोजायला सुरुवात केली. मसूर आणि वाटाणा पहिल्याच दिवशी गेले, सख्खे भाऊ म्हणून. उपासात आपण कोवळ्या रानवाटाण्याची भाजी खातो, तीही गेली. हरभरा दुसऱ्या वाड्यातला, पण भिंतीला भिंत, म्हणून तोही गेला. पांढरा घेवडा आणि चवळी यांचं घर बरंच लांब आहे, असं मी तक्त्यावर बोट ठेवून दाखवलं, तर म्हणाली, "लांबचेच लोक मयताला आधी येतात." शेवटी अंगणातल्या गोड शेंगांच्या कॅरोबच्या झाडावर आली. तो तर वेगळ्याच शाखेचा, बाकल्याशी त्याचं येणंजाणं फार जुन्या काळी तुटलेलं. पण मूळपुरुष एक. तेव्हा खोकल्यावरचा कॅरोबचा काकवीसारखा पाक बंद, आणि त्या झाडाखाली माझं टेबल असतं ते आता उन्हात आहे.

तुम्ही कडधान्यांचे जाणकार. तुम्हाला मी काय सांगू, की मोठ्या उपासात मांस, अंडी, दूध बंद असताना कडधान्यं काढून घेतली तर काय उरतं? गोगलगाई उरतात, कारण त्या आपल्याकडे मांसात धरत नाहीत. मी तीन आठवडे गोगलगाई, रानपाला आणि तिळाचा हलवा यांवर आहे. (तीळ या भावकीत नाही. तिनं दोनदा तपासून घेतलं.) कॅफेत गेलो तर मालक राकीबरोबरची फुटाण्यांची वाटी माझ्यासमोरून उचलतो आणि काकडी ठेवतो. रोदांथी त्याच्याकडेही जाऊन आली आहे. एकदा धीर करून मी लांबीसच्या स्वयंपाकघरात मसुराचं कालवण खाल्लं. त्यात सढळ हातानं व्हिनेगर होतं, आणि तुमच्या बहिणीला ते माझ्या मिशांतून फाटकापाशीच कळलं. ती ओरडली नाही. मला खिडकीशी नेलं, पापणी खाली ओढून डोळ्यांचं पांढरं पाहिलं, आणि त्या रात्री जेवली नाही. तेव्हापासून मी चोरून खायचं सोडलं आहे. ओरडली असती तर मला चाललं असतं.

हे सगळं घरातल्या घरात राहिलं असतं, पण मागच्या शनिवारी लांबीसच्या आईचं वर्षश्राद्ध होतं. देवळात उकडलेल्या गव्हाचा प्रसाद वाटतात, तो नाकारणं म्हणजे गेलेल्या माणसाचा अपमान. रोदांथीनं द्रोण हातात घेतला, वास घेतला आणि सगळ्यांसमोर विचारलं, यात भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ आहे का? होतं. नेहमीच असतं. तिनं माझ्या हातातला द्रोण काढून घेतला. लांबीस पांढरा पडला. म्हणाला, "माझ्या आईचा घास परत करता?" आता हा माणूस मला ट्रकमध्ये घालून दवाखान्यात नेणारा, आणि आधी मला दाणे चारणाराही हाच, तेव्हा त्याच्यावर चिडावं की त्याची माफी मागावी हे मला ठरवता येईना. मी मान खाली घालून उभा राहिलो.

शेवटी पापा-गेरासिमोस मध्ये पडले. लग्नाच्या पायऱ्या मोजण्यात त्यांच्याइतका हुशार पाद्री सबंध जिल्ह्यात नाही. त्यांनी तुमचा तक्ता मागवला, मेणबत्त्यांच्या स्टँडवर पसरला आणि चष्मा लावून बोटानं वर चढले, खाली उतरले, पुन्हा वर चढले.

"मसूर नाही. तो घरातलाच आहे," ते म्हणाले. "हरभरा सहाव्या पायरीवर येतो. कडक नियमानं नाही, पण बिशपांची परवानगी काढली तर जमतं. घेवड्याला माझी काहीच हरकत नाही."

"पापा, तुम्ही लग्नाची सूट देताय," रोदांथी म्हणाली. "हा त्याच्याशी नांदणार नाहीये. त्याला गिळणार आहे."

पापांनी चष्मा काढून खिशात ठेवला. लोक हसले, लांबीससुद्धा हसला, आणि माझ्या वाटचा तो प्रसाद त्यानं स्वतःच खाल्ला. भांडण मिटलं, माझी भूक राहिली.

आता परवाची गोष्ट. ईस्टर पंधरा दिवसांवर आलं. मी मनाशी म्हणत होतो की त्या दिवशी तरी कोकरू आहे, त्याच्यात कुठलं कडधान्य? तर रोदांथी मेंढपाळाकडे जाऊन विचारून आली की कोकराच्या आईनं काय खाल्लं. मेंढपाळ भला माणूस, खरं बोलला. रानवाटाणा आणि तिपानी गवत. दोन्ही नावं तक्त्यावर आहेत, पहिल्याच ओळीत. आता कोकराचंही काय होईल सांगता येत नाही. वाईट वाटतं ते याचं, की माणूस चाळीस दिवस ज्याची वाट बघतो त्यातही तुमचं शास्त्र शिरलं.

तेव्हा गुडघ्याला जपा, आणि लोभ आहे तो माझा उपास सुटेपर्यंत तरी असू द्यावा.

आपला,
सिफीस

ता. क. तुमच्या विद्यापीठाचा शिक्का असलेल्या कागदावर चार ओळी लिहून पाठवा. मसूर बाकल्यापासून किमान नवव्या पायरीवर आहे, असं. शास्त्राला तेवढं चालत असेल. पूर्वी तीन घराणी होती म्हणता, मग एखादा महिना पुन्हा तीन करायला काय हरकत आहे?

ता. क. वरचा कागद पाठवू नका. आज दुपारी मी तिला जरा जोरात विचारलं, की डॉक्टर सांगतात फक्त बाकला, तर तू त्याच्या साऱ्या खानदानावर का उठली आहेस? तेव्हा म्हणाली, "निकितास." तुमचा थोरला भाऊ; तुम्ही तेव्हा पाळण्यात होता. तो पाच वर्षांचा, ती नऊची. वसंतातच, बाकल्याच्या दिवसांत, दोन दिवसांत पिवळा होऊन गेला, आणि सगळे म्हणाले दृष्ट लागली. तुमच्या आईनं त्यानंतर घरात बाकला शिजवलाच नाही. तिला कारण ठाऊक होतं म्हणून नव्हे, त्याच्या ताटात शेवटी तो होता म्हणून. मी दवाखान्यात पिवळा पडून होतो तेव्हा रोदांथीला पहिल्यांदा कळलं की काय झालं होतं. आणि डॉक्टरीणबाईंनी आईकडून मुलग्याला म्हटलं तेव्हा ती माझा विचार करत नव्हती. तुमची आई एकच होती, मेहुणेबुवा. तुम्ही बाकल्यावर दोन पुस्तकं लिहिलीत, पण तो कधी खाल्लात का, हे आम्हाला ठाऊक नाही. रक्ताची तपासणी करून घ्या. निकाल मला नको, तिच्या नावानं पाठवा.

ता. क. पाकीट चिकटवता चिकटवता ती इथे येऊन उभी राहिली. (म्हणजे घाणा बंद आहे हे तिला माहीत होतं.) म्हणते, निकाल येईपर्यंत त्यानंही मसूर खायचा नाही. मी म्हटलं, अगं, तो जगन्मान्य प्राध्यापक आहे, असलं कसं ऐकेल? ती म्हणाली, "माझा धाकटा आहे. ऐकेल."