चुन्याखालची अक्षरं

बाबा, आज आई पुन्हा तेच बोलली आणि मला एका जागी बसवेना. तीनदा चहा ठेवला, तीनदा विसरले. नव्वदीला आली तरी म्हणते, "मीच तुह्या बाबाचा रशिया पुसला वं." मग म्हटलं, तुम्हालाच लिहावं.

क्वार्टरमधल्या स्वयंपाकघराची ती भिंत आठवते ना? भिलाईचा प्लांट अजून उभा होत होता, आणि रशियन भाषेच्या परीक्षेत पास होईल त्यालाच तिकडे ट्रेनिंगला पाठवणार होते. संध्याकाळच्या क्लासात शिकलेलं तुम्ही कोळशाने, मराठी अक्षरांत, चुलीमागच्या भिंतीवर उतरवायचात, जेवताना डोळ्यांसमोर पाहिजे म्हणून. वहीचं नाव काढलं की चिडायचात. 'नोवाया पेच' म्हणजे नवी भट्टी. मग 'नोवोय पेची'. विशेषण आणि नाम, दोघांची शेपटं बदलायची. "आपल्यात बी तसंच हाये, बाई. नवी भट्टी, नव्या भट्टीत. नवराबायकोवानी संगंच चालतात," असं मला सांगून तुम्ही भिंतीकडे पाठ करून घोकायचात, मी भिंतीवरचं वाचून तपासायचे, चुकलात की लाटणं आपटायचे. काय रुबाब होता माझा!

आणि परीक्षेच्या आदल्या दुपारी तुम्ही फर्स्ट शिफ्ट करून आलात, तर भिंत पांढरीफटक. चौदा एप्रिलची जयंती तोंडावर आलेली, आईने दरवर्षीसारखा साऱ्या घराला चुना मारला होता. तिला वाचता कुठं येत होतं! तुम्ही ओरडलात, "कावून पुसलं? मले इचारलं असतं तं!" ती चुन्याचे हात तसेच घेऊन उभी. मग तुम्ही माझ्याकडे वळलात, अगदी हळू आवाजात. "तुले तं याद असन ना, बाई? सांग, मी लिहून घेतो."

मी म्हटलं, "नाही."

शेजारची मावशी सांगून राहिली होती, तिकडे गेलेला माणूस मडमेसंगच राहते, परतत नाही. मी अकरा वर्षांची होते. भीती वाटली, झालं. तुम्ही नापास झालात, रिटायर होईपर्यंत भिलाईच्याच भट्टीपुढे भाजत राहिलात, आणि भाजीत मीठ जास्त पडलं तरी "तुह्या चुन्यानं माहा रशिया खाल्ला" म्हणून हसायचात. आई हसत नव्हती. मला तेव्हा तुमचा राग यायचा, आणि स्वतःचा त्याहून जास्त.

तुम्ही गेलात त्यालाही तीस वर्षं झाली. पलीकडच्या खोलीतून आई हाका मारते आहे. तिला सांगायची हिंमत नाही म्हणून तुम्हाला लिहीत बसले, आणि तुम्हाला हे कुठून पोचणार! बाबा, मले सगळं पाठ होतं. आजही हाये.