तपकिरी कागदावरची बावीस घरं

११ फेब्रुवारी

आधी सगळ्यांची तब्येत. माझा गुडघा कुरकुरतोय, पण कॉलेजचा चढ चढतो. शेजारच्या मेल्चोराचा खोकला उतरला. पहाटेच मासळीबाजारात गाळा उघडायला गेली. कुमारे पर्पेतुआ — तिच्या लेकीला बाप्तिस्म्याला मीच धरलं होतं — तिचा रक्तदाब वर, आवाज त्याहून वर! आणि राज्यशास्त्राचे नवे सर लाबियानो? ठणठणीत. जरा जास्तच.

परगावचा माणूस. आज मी धापा टाकत वर्गात पोचले तोवर अर्धं सांगून झालं होतं. गृहपाठ असा: आपल्या वस्तीतली बावीस घरं फिरा, विचारा — मेयरला मत देणार की नाही, आणि का. निवडणूक मे महिन्यात! आणि कॉलेज नगरपालिकेचं, म्हणजे मेयरचंच. मी जन्मभर शिवणकाम केलं, सुक्या मासळीच्या पुड्यांचे कागद वाचत वाचत शिकले, आता म्हातारपणी कॉलेजात आले. पण एवढं मला कळतं — आमच्या गावात यादी घेऊन फिरतो तो मेयरचाच माणूस.

१४ फेब्रुवारी

फिरले. कापड बेतायच्या तपकिरी कागदावर सगळं उतरवलं, नावासकट. लोक हसत दार उघडतात; यादी म्हणजे मेयरचा फुकट तांदूळ. "लोला, तांदूळ कधी येणार?" लोला म्हणजे आजी, सगळं गाव मला तेच म्हणतं. म्हातारा सिक्स्तो तर म्हणाला, "माझं नाव दोनदा लिही, मी दोघांचं खातो!"

मेल्चोराने मात्र आधी दार लोटून घेतलं. "तुला म्हणून सांगते, ताई. या खेपेला त्याला नाही. दुसऱ्या कोणाला बोलले नाहीये. कळलं तर गाळा जाईल माझा."

लिहिलं. आता वाटतंय, कशाला लिहिलं?

१८ फेब्रुवारी

सर पालिकेतून बाहेर पडताना दिसले. हातात लिफाफा! पगार तिथूनच मिळतो म्हणे. असेल. पण हसत का होते?

१९ फेब्रुवारी

ठरलं. खरा कागद कुमारेकडे ठेवला. "दे इकडे," म्हणाली, "तांदळाच्या डब्यात घालते. उंदरालासुद्धा दिसायचा नाही." बाप्तिस्म्याचं नातं. तिथे शंका काढायची नसते.

सरांसाठी नवी बावीस नावं हवीत. दफनभूमीत गेले, थडग्यांवरून उतरवून घेतली. मेलेल्यांचं मेयर काय वाकडं करणार!

२१ फेब्रुवारी

कागद दिला. सर बराच वेळ वाचत राहिले. मग घडी घालून खिशात टाकला. लबाड!

२६ फेब्रुवारी

मेल्चोराच्या गाळ्याला पालिकेचं कुलूप. परवाना रद्द. ती पायरीवर बसली होती, रिकामी टोपली मांडीवर. माझ्याकडे नुसती बघत राहिली.

खोट्या यादीवरून सरांना कळलं कसं? माझ्या मागावर माणूस ठेवला असणार!

२७ फेब्रुवारी

सरांना वर्गातच गाठलं. "माझ्या मेल्चोराला का बुडवलंत?"

"कोण मेल्चोरा? लोला, तुमच्या यादीतल्या पहिल्या माणसाचा चौकात पुतळा आहे." पोरं फिदीफिदी हसली. सर नाही हसले. कपाट उघडून सगळ्यांचे गृहपाठ पुढ्यात ठेवले. एकावरही नाव नाही, घर नाही. "नावं लिहायची नाहीत, हे माझं पहिलंच वाक्य होतं. तुम्ही उशिरा आलात. तुमचा कागद कुणाला दाखवू? नावं बघून मीच घाबरलो होतो तुमच्यासाठी."

सगळे कागद उलटून पाहिले; खरंच, एकही नाव नाही.

मग कोणी? एक नाव मनात आलंय. लिहवत नाही.

३ मार्च

मेल्चोराचा गाळा उघडला. आत पर्पेतुआची लेक. लगबगीने बाहेर आली, वाकून माझा हात आपल्या कपाळाला लावला, थोरांचा लावतात तसा. "धर्ममाय, या ना! तुम्हाला ताजी काढून देते."

मेल्चोरा दार उघडत नाही. मीच फटीतून तिला चिठ्ठी सरकवली: कागद माझ्याच हातून गेला. हव्या तेवढ्या शिव्या घाल. पण लवकर उत्तर लिही.