निखाऱ्यासाठी धावलेली वस्ती

श्रीमती एंदाह पालुपी विनार्सिह यांस,

स. न. वि. वि. पत्रारंभी प्रकृतीची विचारपूस करावी, असा शिरस्ता आहे. तुमच्या बाबतीत ती कोणत्या शब्दांत करावी, हे मला अद्याप उमगलेले नाही. तूर्त ती केली असे समजावे. माझी प्रकृती ठीक आहे. (डावा गुडघा वगळता. त्याचे कारण ओघाने येईल.)

तुम्ही गेल्याच्या शंभराव्या दिवसाचे जेवण आज दुपारी वस्तीच्या सभागृहात झाले. तुमची धाकटी बहीण लास्त्री सर्वांच्या मागे बसली होती. माशाचा काटा बोटात रुतून तुम्हांस ताप भरला, तेव्हा अंगात वारा शिरला असे समजून तिने आपल्या रीतीप्रमाणे तुमची पाठ तेल लावून नाण्याने घासली. तुम्ही असंबद्ध बोलू लागताच तिनेच तुम्हांस रुग्णालयात नेले. तरीही आपला हात हलका पडला, म्हणून वारा निघाला नाही आणि ताई गेली, असे तिने मनाशी धरले आहे. ती धड जेवत नाही. तिच्या मनातील हा काटा काढायचाच, असा माझा निश्चय होता.

डॉक्टरांनी सांगितलेले मी तिला वारंवार समजावले होते. जंतू शिरले की पेशी सायटोकाइन नावाचे निरोपे रेणू सोडतात आणि त्यांच्या हाकेने मदत धावते. ती हाक थांबलीच नाही, एकाची ऐकून दुसराही ओरडू लागला, तर सर्वांगातील रक्तवाहिन्या सैल पडून पाझरू लागतात आणि रक्तदाब कोसळतो. यावर लास्त्रीचे उत्तर एकच: “ते खरं हो दाजी, पण वारं निघालं नाही ना?”

म्हणून मी प्रात्यक्षिक योजिले. करवंटीत एक निखारा ठेवला, हा जंतू. (शेजारच्या बू गिनेम लगेच म्हणाल्या, “गुरुजी, भाजी संपली म्हणून कोळसे वाढताय होय?”) नंतर सभागृहाच्या दारातील पहाऱ्याचा पोकळ लाकडी ठोकळा वाजवला, हा निरोप्या. चोरीचे ठोके वेगळे, मृत्यूचे वेगळे, आगीचे वेगळे, हे मला ठाऊक होते. कोणते कशाचे, हे मात्र ठाऊक नव्हते. पहाऱ्याची माझी पाळी नेहमी तुमचे बंधूच करीत. मी जोमाने आणि भरभर वाजवले. ते आगीचे निघाले.

ऐकणाऱ्याने आपल्या दारचा ठोकळा वाजवायचा, हा वस्तीचा नियम आहे. तो सर्वांनी पाळला. क्षणार्धात सारी वस्ती दुमदुमली. शेतातली माणसे कुंपणे मोडून आली, घरोघरी नळांना रबरी नळ्या जोडल्या गेल्या, नैवेद्याच्या भाताचा डोंगर तुडवला गेला आणि मीही. (गुडघा.) सगळे नळ एकदम सुटल्याने टेकडीवरची टाकी रिकामी झाली, आणि मशिदीत हातपाय धुवायलाही धार उरली नाही. वस्तीप्रमुख पाक जुमादी घागर घेऊन ओरडत होते, “अरे, पण आग कुठंय?”

निखारा करवंटीत शाबूत होता. त्यावर थेंबही पडला नव्हता.

लास्त्री मोडकी कुंपणे आणि कोरडा नळ बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, “ताईच्या अंगात असं झालं? सगळे मदतीलाच धावले होते?”

मी होय म्हणालो.

“मग माझ्या हातानं काय झालं असतं?”

काही नाही, असे मी निःसंदिग्धपणे सांगितले. ती वाटीभर भात जेवली.

ताप, धाप आणि असंबद्ध बोलणे एकत्र दिसताच रुग्णालय गाठावे, हेही मी त्याच गर्दीत सांगून घेतले. हे व्याख्यान मी पलीकडच्या वस्तीतही देणार आहे. पाक जुमादींची हरकत आहे. ती मी ऐकून घेतली आहे.

आपला,
विराद्मो

ता. क. निघताना लास्त्री म्हणाली, “पटलं दाजी. पण ताईनं स्वप्नात येऊन सांगितलं तर झोप लागेल.” स्वप्नातील भेटींवर माझा विश्वास नाही, हे तुम्ही जाणता. तरी विनंती आहे की, आज तिच्याकडे जावे. सवड उरल्यास आपल्या घरीही यावे. मी लवकर झोपेन.

ता. क. २. वरचे सर्व सभागृहात बसून लिहिले, एवढे घरून. फरशी पुसली, दाराला कुलूप लावले आणि किल्ल्या पाक जुमादींना परत केल्या.