फाटकात अडकलेल्या हार्वेस्टरवरच सुनेची परीक्षा घेण्याबाबत

प्रति,
माननीय मुख्य अधिकारी साहेब,
वाहन परवाना कार्यालय
(फाटक बंद असल्यामुळे अर्ज कुंपणावरून देत आहे.)

विषय : निम्मे यंत्र आपल्या आवारात आले आहे, ते पूर्ण आले असे समजून चालक परीक्षा घेणेबाबत.

संदर्भ : आपल्या खिडकीवरील लिपिकांचे तोंडी उत्तर, "वाहन घेऊन या, मग बघू."

महोदय,

अर्जदार ही कापणीच्या टोळीची जुनी मुकादम असून परीक्षेस बसणारी चालक तिची सून आहे. हा अर्ज आपल्या कुंपणालगत टेबल मांडून बसणाऱ्या अर्जलेखक भाऊंकडून लिहून घेतला आहे. भाषा त्यांची, राग अर्जदाराचा.

१. प्रथम यंत्राची हकीकत. पूर्वी आमच्या गावात ज्याचा त्याचा तुकडा आणि घरापुरता गहू. तो सरला की निम्मे गाव बिऱ्हाड पाठीवर टाकून वीटभट्टीची वाट धरी. मग सर्वांनी बांध जागच्या जागी ठेवून पेरणी तेवढी एक केली, एकाच वाणाचा गहू लावला आणि पिठाच्या गिरणीशी थेट सौदा केला. माल एकसारखा व एकगठ्ठा मिळतो म्हणून गिरणी भाव बरा देते. त्यातून धान्य साफ करण्याची शेड उभी राहिली व तिथे बारमाही काम सुरू झाले. शिंपीकाकांच्या मशिनवर कोंबडी अंडी घालीत असे; आता काका दिवसभर पोती शिवतात आणि कोंबडीने बिऱ्हाड बदलले आहे. भट्टीवर कोणी जात नाही. शाळेचे वर्गही ऐन वर्षात ओस पडत नाहीत.

२. हार्वेस्टर घ्यायचे ठरले तेव्हा टोळीतल्या साऱ्या बायका बैठकीत येऊन बसल्या. अर्जदाराने भर बैठकीत विचारले, "आमचे विळे खुंटीला लागणार, मग आम्ही काय टाळ्या वाजवायच्या? यंत्र आणायचे तर मालकी आमची." बरीच तोंडातोंडी झाली, पण शेवटी मान्य झाले. आज टोळीतल्या बायकाच या यंत्राच्या मालकिणी आहेत व आसपासच्या गावांची कापणीही भाड्याने करतात.

३. यंत्रावर पगारी चालक होता. तो ऐन हंगामात जास्त पगारावर दुसरीकडे गेला. जाताना किल्ली खिशात घालून गेला होता, ती सुनेने बसथांब्यावर गाठून काढून घेतली. सून त्याच्याशेजारी बसून सारे शिकलेली आहे. रानात तिचा हात बसला आहे. फक्त रस्त्यावर न्यायला परवाना हवा. म्हणून ती आपल्या खिडकीवर आली.

४. सुनेने लिपिकांना सांगितले, "साहेब, मी फाटक दोरीने मोजून आलेय. यंत्र आत आलं तर वळायला जागा नाही. परीक्षा बाहेरच्या मैदानात घ्या." लिपिक म्हणाले, "परीक्षा आवारात होते. नियमात फाटकाचा उल्लेख नाही." सून म्हणाली, "नियमात नसलं तरी भिंतीत आहे ना!" यावर खिडकी जेवणासाठी बंद झाली.

५. नियमाचा मान राखून आज शेजारगावचा एक परवानाधारक चालक रोजावर आणला. सून "डावीकडे, डावीकडे!" असे ओरडत असताना त्याने यंत्र उजवीकडे घातले. कापणीचा पुढचा भाग तिरका होऊन आत शिरला आणि मागचे धूड दोन खांबांमध्ये रुतले. चालक खाली उतरला, सभोवार पाहिले व "आलोच चहा घेऊन" म्हणून गेला. अद्याप चहा संपलेला दिसत नाही.

६. आता सून म्हणते, "आई, मी काढते." लिपिक आतून म्हणतात, "परवाना नसताना हात लावायचा नाही." परवाना मागावा तर म्हणतात, "यंत्र पूर्ण आत आल्याशिवाय परीक्षा नाही." म्हणजे घोडे पेंड खाते ते इथे. आपली स्वतःची गाडी आत आहे. आपले कर्मचारी हार्वेस्टरच्या चाकांमधून वाकून घरी जात आहेत. एका बाईसाहेबांची पर्स कटरला अडकली होती, ती सुनेने सुखरूप सोडवली. गावात गहू वाळून खडखडतो आहे आणि आभाळ भरत चालले आहे. एक सर आली तर दाणा काळा पडेल व गिरणी तोंड फिरवील. शेड बंद पडली की भट्टीची वाट आहेच.

तरी विनंती की, जेवढे यंत्र आत आहे तेवढ्याचीच परीक्षा घ्यावी. सुनेने ते मागे काढून दाखवावे. खांबाला ओरखडा उठला तर तिला नापास करावे, खांब अर्जदार स्वखर्चाने बांधून देईल. परीक्षा घेणे अगदीच जमत नसेल, तर नियम शिथिल करावा किंवा फाटक तरी.

आपली नम्र,
कापणी टोळीची माजी मुकादम
(अंगठा नको, सही येते. सही केली आहे.)
दिनांक : आजचा. उद्यावर ढकलू नये.

सोबत : सुनेचे ओळखपत्र व फाटक मोजलेली दोरी.

ता.क. : भाऊ अर्ज घडी करत असतानाच साहेब, आपण स्वतः खाली आलात. "बाई, नक्की निघेल?" असे विचारलेत. सून म्हणाली, "तुमची गाडी हातभर मागे घ्या, बाकी माझं मी बघते." आपला ड्रायव्हरही चहाला गेल्याचे तेव्हा समजले, म्हणून आपणच गाडी मागे घेतलीत. सुनेने थोडे पुढे, थोडे डावीकडे घेत यंत्र असे बाहेर काढले की खांबावरचा कोळीसुद्धा हलला नाही. आपण तिथेच चाकावर कागद ठेवून तिला पास केलेत. आभार.

अर्ज मात्र नोंदीत चढला असून तो आता मागे घेता येत नाही, असे लिपिक म्हणतात. फुकट जाऊ नये म्हणून त्यात एक मागणी वाढवते. आज येताना अर्जदार पहिल्यांदाच यंत्राच्या केबिनमध्ये बसली. उभा जन्म गहू कमरेत वाकून पाहिला. वरून तो केवढा दूरवर पसरलेला असतो हे माहीतच नव्हते. आता परत निघताना सुनेने विचारले, "आई, स्टिअरिंग धरून बघता का?"

तरी शिकाऊ परवान्याचा एक कोरा फॉर्म कुंपणावरून द्यावा. वयाची अट असेल तर ती मोठ्याने वाचू नये.