अल्माचं मशीन, हूपरचं टेबल

२० सप्टेंबर १९९८, रविवार

प्रिय ड्वाइट,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून कपाळाला आठ्या घालू नकोस. फोनच करणार होते. पण फोनवर तू ‘हं’ आणि ‘बघू’च्या पुढे जात नाहीस, आणि गॅरेजात गिऱ्हाईक आलं म्हणून मधेच ठेवून देतोस. पत्र असं मधेच ठेवता येत नाही.

इकडे आम्ही बरे आहोत. तुझ्या मेहुण्याची, रेची पाठ दुखते, पण छपरावर चढायचं सोडत नाही. सफरचंदं यंदा इतकी लागलीत की शेजारी मला बघून दार लावून घेतात. तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरकडे गेला नसशील, हे मला न विचारताही ठाऊक आहे.

आता आईच्या घराचं. गिऱ्हाईक मिळालंय, शाळेत शिकवणारं एक तरुण जोडपं. सगळं ठरलं, आणि त्यांच्या वकिलानं खोडा घातला. अर्धी जमीन म्हणे अजून बाबांच्याच नावावर आहे. बाबांच्या वारसाची फाइल मेलेल्यांच्या मालमत्तेचे निवाडे करणाऱ्या प्रोबेट कोर्टातून काढा, त्यातला हुकूम आणा, मग पुढचं बोलू. मी म्हटलं, बाबांना जाऊन एकतीस वर्षं झाली. तो म्हणाला, मग फाइलही एकतीस वर्षांची असेल.

बाबा गेले ते नदीपलीकडच्या इस्पितळात, म्हणून मी शहाणी आधी त्या काउंटीच्या कोर्टात गेले. मेलेल्यांच्या नावांच्या जाडजूड वह्या उलटता उलटता नाकात धूळ गेली. आपल्या आडनावाचा एक टिप्टन सापडला, पण तो निघाला घोड्यांचा व्यापारी, आजोबांच्याही आधीचा. शेवटी खिडकीतल्या बाईला माझी दया आली. “अहो, माणूस मरो कुठेही,” ती म्हणाली, “फाइल तो राहत होता तिथेच निघते.” हात हलवत परत आले.

आपल्या कोर्टात आता ट्रूडी असते. तुझ्या वर्गातली, जिच्या डब्यात तू बेडूक ठेवला होतास. ती ते विसरलेली नाही. तिनं नावांची वही काढली, बोट फिरवलं आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, “लोर्ना, तुझे बाबा तुरुंगात आहेत ग.”

झालंय असं, की कोर्टात जागा उरली नाही म्हणून जुन्या फाइलींची खोकी मागच्या बंद पडलेल्या तुरुंगात ठेवलीत, कोठड्यांमध्ये. मी विचारलं, मुलगी असल्याचा काही पुरावा लागेल का? ती हसायलाच लागली.

“पुरावा कसला? या फाइली सगळ्यांना खुल्या असतात. कुणीही यावं, मेलेल्याचं नाव सांगावं, बसून वाचावं. झेरॉक्सचे तेवढे पैसे लागतात. ही मात्र कुणीच मागितली नाही बघ, गाठ पहिल्यांदाच सुटतेय.”

कुणीही यावं, ड्वाइट. इतकी वर्षं ती तिथेच होती. तुला टोमणा मारत नाहीये, मीही त्या इमारतीसमोरून हजार वेळा गेलेय.

हुकूम मिळाला, वकिलाचं तोंड बंद झालं. पण फाइल खाली ठेववेना. त्यात आपल्या घरातल्या एकूण एक वस्तूची यादी होती, कुणा परक्याच्या अक्षरात. आणि तिच्यामागे लिलावाचा अहवाल. इस्पितळाचं बिल फेडायला कोर्टानं सामान विकायला लावलं होतं ना, तो. वस्तू, किंमत, घेणाऱ्याचं नाव.

तो दिवस मला अर्धवट आठवतो. अंगण माणसांनी भरलं होतं, चर्चच्या बायका डोनट वाटत होत्या, मी दोन खाल्ले आणि एक खिशात घातला. आणि एक गोष्ट पक्की आठवते. प्रत्येक जण आईजवळ येऊन टोपी काढायचा आणि म्हणायचा, “मग नेतो हं, आर्डिथ.”

आता अहवालातलं ऐक. शिवणाचं मशीन, अल्मा ब्रॅडक. जेवणाचं टेबल, क्लेटन हूपर. भिंतीवरचं घड्याळ, पाद्री वेल्स.

काही आठवतंय? “हूपरचं टेबल पूस.” “अल्माच्या मशीनवर दुधाचा ग्लास ठेवू नकोस.” “पाद्रीबाबांच्या घड्याळाला किल्ली दिलीस का?” मला वाटायचं, वस्तूंना अशी नावंच असतात. लग्न झाल्यावर मी रेला विचारलं होतं, आपलं टेबल कुणाचं? तो बिचारा वेड्यासारखा बघत राहिला.

सगळ्यांनी रीतसर बोली लावली, पैसे मोजले, आणि न्यायला कुणीही आलं नाही. आई मात्र शेवटपर्यंत त्यातल्या एकाही वस्तूला आपली म्हणाली नाही. क्लेटन हूपर दर नाताळात आपल्याकडे जेवायला यायचा, आठवतं? स्वतःच्याच टेबलावर पाहुणा! आणि “आर्डिथ, टेबल छान आहे हो” असं दरवर्षी म्हणायचा. त्या दोघांना कशाचं एवढं हसू येतं ते आपल्याला कधी कळलं नाही.

मी त्या कोठडीत बसून हुंदके देऊन रडले. ट्रूडीनं कॉफी आणून दिली. “रड, रड,” म्हणाली, “तुरुंगात सगळेच रडतात.”

दुसऱ्या दिवशी अल्माकडे गेले. ती आता काठी घेऊन चालते. म्हटलं, तुमचं मशीन आमच्याकडे राहिलंय, माझा लग्नाचा झगासुद्धा आईनं त्याच्यावरच शिवला. ती म्हणाली, “असू दे तिकडेच. माझ्याकडे जागा कुठे आहे?” ड्वाइट, तिच्या घरात रिकाम्या खोल्या आहेत तीन! मी तिला मिठी मारली, तर म्हणते, “पुरे पुरे, हाडं मोडशील.”

आता पुढची ओळ. कुठली ते तुला कळलंच असेल. मी मुद्दाम रेंगाळत आलेय तिच्यापर्यंत.

ट्रॅक्टर, एमरी क्लाइन.

मार्चमध्ये, आईला पुरून तासही झाला नव्हता, तेव्हा चर्चच्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर तू एमरींना काय बोललास ते मी परत लिहीत नाही. खांदा देऊन आलेला आपला म्हातारा शेजारी हातात सँडविच घेऊन उभा होता, आणि तू दार आपटून निघून गेलास. मीही काही बोलले नाही. तेव्हा मलाही वाटत होतं की त्यांनी बाबांचा ट्रॅक्टर मातीमोलानं लाटला.

किंमत अहवालात आहे. रेनं आकडा पाहिला आणि शीळ घातली. एवढ्यात त्या काळी जवळजवळ नवा ट्रॅक्टर आला असता. इस्पितळाचं निम्मं बिल त्या एका बोलीत फिटलं.

पण इतरांनी ठेवलं आणि यांनी नेला, त्याचं काय, हे तू विचारणार. मलाही पडला होता तो प्रश्न. म्हणून गेले त्यांच्याकडे.

ओसरीवर शेंगा सोलत बसले होते. “काय ग, वकील आणलास का बरोबर?”

“डोनट आणलेत.”

“मग बस.”

मी विचारलं. त्यांनी हातातली शेंग सोलून टोपलीत टाकली. मग म्हणाले, “तुझ्या आईला शब्द दिलाय, नाही सांगणार म्हणून.”

“आई गेली, एमरी.”

“शब्द नाही गेला.” मग एकदम टोपली बाजूला ठेवली. “पण फाइल वाचलीस म्हणतेस. अर्धं तुला कळलंच आहे. उरलेलं अर्धं मी तरी कुठे घेऊन जाऊ?”

बाबांना पुरल्याच्या दुसऱ्या सकाळी आईला तू दिसलास, त्याच ट्रॅक्टरच्या सीटवर. लोकांनी तो सरळ करून कोठारात आणून ठेवला होता. नांगरणी अर्धी राहिली होती, तोच उतार, जिथे तो बाबांवर उलटला. तू चौदा वर्षांचा. आई कुंपण ओलांडून एमरींकडे धावत गेली. “सामान विकावं लागणारच आहे, लिलावात तो तुम्ही घ्या आणि घेऊन जा इथून. पण मी सांगितलं हे पोराला कळू देऊ नका. आता आपण घरातला पुरुष आहोत असं त्याला वाटतंय. आई अजून लेकरू समजते हे कळलं तर मनानं मोडेल तो.”

एवढंच होतं ते. मी म्हटलं, पण तुम्ही इतकी वर्षं त्याच्या शिव्या खाल्ल्यात. ते म्हणाले, “शिव्या द्यायला पोरगा जिवंत होता ना? मग झालं तर.”

ड्वाइट, मी हे वाक्य तुझ्यापर्यंत पोचवायचं म्हणूनच हे पत्र लिहायला बसले. बाकी सगळी पाठदुखी आणि सफरचंदं.

त्यांनी मला मागच्या शेडमध्ये नेलं, ताडपत्री ओढली. तो तिथे आहे, पुसून लख्ख. शेतात एकदाही घातला नाही, पण दर वसंतात एकदा सुरू करतात. मी विचारलं, कशाला? “ज्याचा आहे तो म्हणे इंजिनांचा डॉक्टर आहे. बंद पडलेला दिला तर नावं ठेवेल.” आणि किल्ली फिरवली. पहिल्या झटक्यात सुरू झाला.

आता खरं काय ते सांगते. बायकोच्या, डॉरिसच्या आजारपणाचं कर्ज एमरींच्या गळ्याशी आलंय. घर राहील, पण शनिवारी, तीन ऑक्टोबरला त्यांच्या सामानाचा लिलाव आहे. यादीत पहिला ट्रॅक्टर. आज चर्च सुटल्यावर मी सगळ्यांना गाठलं, हूपरच्या मुलांना, अल्माला, लिलाववाल्यालासुद्धा. बाकी सामानाचं काय करायचं ते त्यांना शिकवावं लागत नाही. पण ट्रॅक्टरवर कुणी बोली लावायची नाही, म्हटलं, ड्वाइट येतोय. ‘विचारते’ म्हटलं नाही, ‘येईल बहुतेक’ म्हटलं नाही. येतोय म्हटलं. सगळ्यांनी माना हलवल्या.

म्हणजे तू आला नाहीस तर लिलाववाला ओरडेल, आणि सगळं अंगण गप्प उभं राहील, आणि एमरी पुढच्या खुर्चीत बसून ते ऐकत राहतील. हे मी करून बसलेय. रागाव हवं तर, पण इथे येऊन रागाव.

बोली किती लावायची ते तू ठरव. स्वस्तात मात्र मागू नकोस. त्यांनी नव्हता घेतला स्वस्तात.

हूपरचं टेबल मी आमच्याकडे आणलंय. शनिवारी त्याच्यावर तुझं ताट मांडलेलं असेल.

तुझ्या नावानं शब्द देऊन बसलेली,
लोर्ना

ता. क. ट्रॅक्टर न्यायला ट्रक वगैरे आणू नकोस. बोली तुझ्या नावावर सुटली की एमरींजवळ जा, टोपी काढ आणि म्हण, “मग नेतो.” पुढचं काही बोलावं लागणार नाही.